भिंतीला चार्ट लावणारी सिस्टर

मेश्राम सिस्टर मला आवडायच्या असं लिहिलं तर ते खोटं होईल. कुणाच्या घरी गेल्या की बसायच्या आधी त्या मोरीत डोकवायच्या, माठाचं झाकण उचलून आत बघायच्या, आणि घरात आजारी कोण आहे ते कुणी न सांगता ओळखायच्या. चहा गोड झाला तर एक घोट घेऊन कप खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे ग्लुकोज कोणासाठी केलं होतं?" असा माणूस कुणाला गोड वाटत नाही. पण आमच्या इमारतीत इतकी माणसं आली आणि गेली, त्यांतली डोळ्यांसमोरून हलत नाही ती ही एकच बाई. त्याला कारण मी आहे, ते पुढे येईलच.

इमारत शहराच्या कडेला, बेसा गावात आमच्याच शेतावर उभी आहे. शेत दिलं त्या बदल्यात बिल्डरनं आम्हाला पुढच्या बाजूचे तळमजल्याचे दोन फ्लॅट दिले, आणि गोड बोलायचं म्हणून इमारतीला माझ्या सासऱ्यांचं नाव दिलं. 'बळीराम हाइट्स'. सासरे जन्मात मचाणाच्या वर चढले नव्हते. एका फ्लॅटमध्ये मी, मुलगा गजानन आणि सून राहतो. दुसरा भाड्यानं दिलेला असायचा. सिस्टर मागच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर होत्या.

त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. उंच, हाडाच्या, केस मागे घट्ट ओढून बांधलेले. पदराच्या पिनेला छातीवर एक घड्याळ लटकलेलं असायचं, तेही उलटं. मान खाली घातली की त्यांना ते सुलटं दिसायचं. मनगटावर काहून नाही लावत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या की दिवसातून पन्नास वेळा हात धुवा लागतात, तिथं घड्याळ काय कामाचं. नोकरी संपली तरी ते घड्याळ तिथून हललं नाही आणि हात धुणंही संपलं नाही.

पिशवीत एक निळी वही असायची. त्या वहीत सगळं वेळेसकट लिहिलं जायचं. दूधवाला किती वाजता आला, लिफ्ट किती वाजता बंद पडली, कोण काय म्हणालं. "लिहिलं नाही, तर झालंच नाही," हे त्यांचं वाक्य. त्याचं कारण त्यांनी मला सांगितलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका पेशंटला सुई दिली आणि लिहायचं राहिलं. पुढच्या ड्युटीच्या सिस्टरनं कागद कोरा बघून तीच सुई पुन्हा दिली. पेशंट मरता मरता वाचला. तेव्हापासून वही. औषध वेळेवर दिलं तर पुढे नुसती वेळ लिहायची, आणि वेळ चुकली असेल तर वेळेपुढे 'उशिरा' असा शब्द लिहायचा, हा त्यांच्या वॉर्डातला नियम. तो त्या घरीही पाळायच्या. आमचा दूधवाला त्या वहीत बहुतेक दिवस 'उशिरा' होता.

त्या बौद्ध, आम्ही कुणबी. माझ्या सासूनं त्यांच्या हातचं पाणी घेतलं नसतं. मी चहा घेत होते. त्यात माझा मोठेपणा काही नाही. माझे गुडघे गेलेले होते आणि त्या सुई फुकट देत होत्या.

पहिल्यांदा त्या फ्लॅट बघायला आल्या तेव्हा मी फाटकाजवळ कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. इमारतीचं रंगकाम चाललं होतं. बिल्डरचा माणूस त्यांना वर घेऊन गेला. तासाभरानं त्या खाली आल्या त्या त्याला घाम फोडूनच. सगळे नळ सोडून बघितले होते, प्रत्येक मोरीत बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जातं ते मोजलं होतं, खिडक्यांची दारं दहा-दहा वेळा लावून उघडली होती. मग तो माणूस फोनवर बोलायला बाजूला झाला आणि त्या माझ्याकडे आल्या. मी कोण, हे त्यांनी आधी विचारलं. मग वही काढली.

"काकू, बांधायच्या आधी हे जमीन कशी होती?"

मी म्हटलं, "काळी. कापूस चांगला येत होता."

त्यांनी मान खाली घालून घड्याळ बघितलं आणि लिहून घेतलं.

मी म्हणाले ते खोटं नव्हतं. पुढच्या अर्ध्या जागेत काळी जमीन होती आणि कापूस येत होता. मागच्या अर्ध्या जागेत खदान होती. आमचे मालक रस्त्याच्या कामाला मुरूम विकायचे, तो तिथून निघायचा. मी स्वतः टोपल्या वाहिल्या आहेत. मुरूम संपला तेव्हा खड्डा उरला, त्यात पावसाचं पाणी साचायचं, एकदा कुणाची तरी म्हैस त्यात गेली. मालक वारल्यावर बिल्डर आला. त्यानं ट्रकांनी राख आणली, शहराचा मलबा आणला, कचराही आणला, खड्डा बुजवला आणि वर माती पसरली. पुढच्या वर्षी तिथं इमारतीचे खांब उभे राहिले. बिल्डर गजाननला म्हणाला होता की जुनं कशाला उकरायचं, लोक उगाच भितात, आणि फ्लॅट विकले गेले नाहीत तर तुमच्याही फ्लॅटची किंमत राहणार नाही. गजाननला ते पटलं. मलाही पटलं, नाहीतर मी कापसाचं नाव घेतलं नसतं.

सिस्टरनी प्रॉव्हिडंट फंडाचा सगळा पैसा घालून तो फ्लॅट घेतला.

गृहप्रवेश दसऱ्याला केला. मुहूर्त-बिहूर्त त्या मानत नव्हत्या, पण त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तो तोच दिवस होता. पांढरी साडी नेसल्या होत्या. भंतेजी आले. सगळे खाली बसले, मी गुडघ्यांमुळे खुर्चीवर. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. सगळे एका सुरात म्हणत होते, मला पालीतलं काही कळत नव्हतं, म्हणून शेजारी बसलेल्या त्यांच्या भाचीला मी हळूच विचारत होते. चौथं आलं तेव्हा ती म्हणाली, "खोटं बोलणार नाही, असं आहे ते." मी मनात म्हटलं, मी कुठं खोटं बोलले. काळी होती, कापूस होता.

तेवढ्यात बिल्डरचा माणूस दारात आला. हातात जाड फाइल आणि किल्ल्यांचा जुडगा. ताब्याचे कागद होते. सिस्टर उठून दारात गेल्या. त्यांनी पहिलं पान वाचायला घेतलं, चष्मा लावला, तर तो म्हणाला, "मॅडम, फक्त सह्या. भंतेजी थांबले आहेत."

सिस्टरनी मागे बघितलं. भंतेजी खरंच थांबले होते. खीर थंड होत होती. सिस्टरनी दाराच्या चौकटीला फाइल टेकवली आणि जिथं जिथं त्या माणसाचं बोट पडलं तिथं तिथं सही केली. किल्ल्या घेतल्या आणि येऊन बसल्या. मी खीर दोनदा घेतली. चांगली झाली होती.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांच्या हॉलच्या भिंतीला भेग गेली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून खाली तिरपी. त्यांनी बिल्डरला कळवलं. त्यानं एक मिस्त्री पाठवला, त्यानं भेगेत काहीतरी भरून वर रंग मारला. तीन महिन्यांत भेग पुन्हा उघडली. पुन्हा मिस्त्री आला. सिस्टरनी त्याला दारातच उभं केलं. "पेशंटले पावडर लावून ताप उतरत नाही गा. तुझ्या मालकाले सांग, आधी निदान कर म्हणा," असं म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवला.

मग त्यांनी जे केलं ते बघायला सगळी इमारत जाऊन आली. ओळखीच्या लॅबमधून त्यांनी रक्त तपासायच्या काचेच्या स्लाइड आणल्या. मोडलेल्या हाडाला घालतात ते प्लास्टर कालवलं आणि भेगेवर आडव्या स्लाइड चिकटवल्या, वर एक, मध्ये एक, खाली एक. भिंत हलली तर काच तुटणार. आणि भिंतीच्या पायथ्याशी एक खिळा ठोकून क्लिपेला दवाखान्यातला चार्ट लावला, पेशंटच्या खाटेला लावतात तसा. रोज सकाळी सात वाजता स्टीलच्या पट्टीनं भेग मोजायची आणि चार्टवर टिंब द्यायचं. टिंबं जोडली की रेघ व्हायची. ती रेघ कधी खाली आली नाही. काच तुटली की तुकडा कागदात बांधून त्यावर तारीख टाकायची. असे पुढे त्यांच्याकडे चपलेच्या डब्यात कितीतरी तुकडे झाले.

पोरं चेष्टा करायची. "सिस्टर, भिंतीले किती ताप आहे आज?" त्या शांतपणे आकडा सांगायच्या.

मागच्या बाजूला बारा घरं. हळूहळू सगळ्यांच्याच भिंती बोलू लागल्या. कुणाचं दार अडकायचं, कुणाच्या फरशीवर वाटी ठेवली तर ती भिंतीकडे घसरायची. सिस्टरनी एक अर्ज लिहिला आणि घरोघरी सह्या मागायला गेल्या. तीन घरांनी सह्या केल्या. बाकीच्यांनी आधी सोसायटीची मीटिंग घ्या म्हटलं.

ती मीटिंग गच्चीवर झाली. अध्यक्ष निनावे, बँकेतून रिटायर झालेले, बोलायला मोठे गोड. त्यांनी सिस्टरना समजावलं की घरातली गोष्ट घरात राहू द्या. एका घरात मुलीचं लग्न काढलंय, त्यासाठी फ्लॅट विकायचाय. दुसऱ्याला बँकेचं कर्ज दुसरीकडे न्यायचंय. बाहेर बोभाटा झाला तर इमारतीला कोणी हात लावणार नाही. आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "निनावे साहेब, मेलेल्यावर चादर टाकली म्हणून तो झोपला असं होत नाही. तुम्ही झाकून ठेवाल, मग ज्याले विकाल तो काय करेल?"

"तो त्याचं पाहून घेईल," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

"मीही पाहूनच घेतलं होतं," सिस्टर म्हणाल्या आणि खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी तीन सह्यांतल्या दोघांनी आपापल्या सह्या खोडून मागितल्या. त्यानंतर जिन्यात त्यांच्याशी बोलणारी माणसं कमी झाली. पण बीपी मोजून घ्यायला सगळे जायचे. त्याही मोजून द्यायच्या, कोणाला परत पाठवलं नाही. फक्त मोजून झालं की वहीत त्या माणसाचं नाव आणि वेळ लिहायच्या. निनाव्यांना ते फार लागायचं.

मग त्यांनी एक वकीलबाई गाठली. तरुण होती, स्कूटीवर यायची. तिनं जे सांगितलं ते सिस्टरनी मला सुई देता देता सांगितलं. रेराच्या, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्यात असं आहे की ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरनं तो आपल्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचा, नाही केला तर भरपाई द्यायची. आणि विकताना जागेबद्दल जे सांगायला हवं ते लपवलं असेल, खोटं सांगितलं असेल, तर पैसा व्याजासकट परत मागता येतो. पण बिल्डरकडे एक कागद होता. दसऱ्याच्या सह्यांतला. त्यात लिहिलं होतं की इमारत आणि जमीन मी नीट पाहिली, चौकशी केली, माझं समाधान झालं, माझी काही तक्रार नाही. खाली सिस्टरची सही.

सुई देऊन झाली होती, कापूस माझ्या दंडावर धरून त्या तशाच बसून होत्या. मग म्हणाल्या, "काकू, ऑपरेशनच्या आधी नातेवाइकाची सही लागते. हजारो लोकांच्या सह्या घेतल्या मी. कोणी वाचाले लागला की मी काय म्हणत होती माहीत आहे? फक्त सही करा, डॉक्टर थांबले आहेत." कापूस टाकला आणि म्हणाल्या, "वाक्य तेच. फक्त डॉक्टरच्या जागी भंतेजी होते."

वकीलबाईचं म्हणणं असं की जे दाखवलंच नाही त्याबद्दल समाधान झालं असं कोणाकडून लिहून घेता येत नाही. पण लपवलं होतं हे दाखवावं लागेल. भिंत का हलते ते इंजिनिअर सांगेल. आधी तिथं काय होतं आणि बिल्डरला ते माहीत होतं, हे कोण सांगणार?

सिस्टर कचेऱ्यांत खेटे घालू लागल्या. आठ-दहा महिन्यांनी एका दुपारी त्या आमच्या घरी आल्या. चहा घेतला नाही. पिशवीतून शेताचा जुना सातबारा काढला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. शेतातला जो तुकडा पिकत नाही, त्याला सरकारी कागदात पोटखराब म्हणतात. मग तो खडक असो, नाला असो, नाहीतर खदान. आमच्या शेताचा निम्म्याला थोडा कमी तुकडा पोटखराब लिहिलेला होता.

"काकू, हे काय होतं?"

गजानन आतल्या दारात उभा होता. बिल्डरशी केलेल्या करारात जागेत काही खोट नाही असं आम्ही लिहून दिलं होतं. त्यानं मला आधीच बजावलं होतं, "माय, तू चूप राय. बोलली तर केसमध्ये आपल्यालेच ओढतील."

मी म्हटलं, "खडक असन. माझ्या लग्नाआधीचं आहे ते, मले काय माहीत."

हे मात्र खोटं होतं. सरळ खोटं.

सिस्टरनी निळी वही काढली. चालू वही नव्हे, जुनी. पान शोधून माझ्यासमोर धरलं. मी चौथी शिकलेली आहे, मला वाचता येतं. तारीख होती. वेळ दहा वीस. 'जमीन कशी होती? काळी. कापूस चांगला. (जमीनमालकीण)'.

"मी विचारलं होतं, काकू," त्या म्हणाल्या. "लिहून आहे."

एवढंच. भांडल्या नाहीत. त्या दिवशी माझ्या सुईची पाळी होती. त्यांनी वही पिशवीत टाकली, हात धुतले आणि सुई दिली. हलक्या हातानं दिली. जोरात टोचली असती तर मला बरं वाटलं असतं.

पाच वर्षं भरायला थोडेच महिने राहिले असताना त्यांनी रेराकडे तक्रार दाखल केली. सातबारा जोडला, चार्ट जोडले, काचेच्या तुकड्यांचे फोटो जोडले. बिल्डरनं उत्तर दिलं की पोटखराब म्हणजे खडक, आणि खडकावर बांधलेली इमारत तर अधिकच पक्की. माझाच शब्द त्यानं उचलला होता. आमच्या घरातून तो त्याच्याकडे कसा गेला हे मी गजाननला विचारलं नाही.

त्याच सुमारास माझ्या स्वयंपाकघराला भेग पडली.

माझं स्वयंपाकघर इमारतीच्या मध्यावर येतं, जिथं खदानीचा काठ होता. सकाळी कणीक मळताना बघितली तर खिडकीपासून मोरीपर्यंत, सिस्टरच्या भिंतीसारखीच तिरपी. गजानन म्हणाला, मिस्त्री बोलावतो. मी त्याच्याकडे बघितलं आणि काठी घेऊन जिन्याकडे निघाले. लिफ्ट बंद होती. तीन मजले चढायला मला किती वेळ लागला ते सिस्टरच्या वहीत असेल, कारण मी दाराशी धापा टाकत उभी राहिले तेव्हा त्यांनी आधी घड्याळ बघितलं.

मी म्हटलं, "माझ्या स्वयंपाकघराले भेग पडली."

"म्हणून आल्या तुम्ही."

"हो."

मला वाटलं, आता ऐकवतील. ऐकवण्यासारखं खूप होतं. त्यांनी खुर्ची पुढे केली, माझ्या हाताला पेलाभर पाणी दिलं आणि माझी नाडी बघितली. मग वही उघडली. "चालते. दम घ्या आधी. मग पहिल्यापासून सांगा, हळू सांगा. मी लिहून राहिली."

मी सगळं सांगितलं. मुरूम, टोपल्या, म्हैस, राखेचे ट्रक, बिल्डर गजाननला काय म्हणाला ते. वकीलबाईनं त्याचं प्रतिज्ञापत्र केलं. सही करायच्या आधी सिस्टरनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, अक्षर न अक्षर. माझा चष्मा जुना होता, म्हणून त्यांनी स्वतःचा दिला.

सुनावणी वकीलबाईच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून झाली. पडद्यावर साहेब होते, बिल्डरचा वकील होता. साहेबांनी विचारलं की खदान किती खोल होती हे तुम्हाला कसं ठाऊक. मी म्हटलं, "साहेब, डोक्यावर टोपली घेऊन तळातून वर येईस्तोवर दोनदा दम घ्यावा लागे. तेव्हा मी जवान होती."

बिल्डरच्या वकिलाला हसू आलं असावं. तो म्हणाला, "आजी, इतकी वर्षं तुम्ही बोलल्या नाहीत. आता काहून बोलून राहिल्या? कोणी सांगितलं?"

"माझीच भिंत फाटली म्हणून," मी म्हटलं.

तो कागद चाळू लागला. सिस्टर माझ्या शेजारी बसल्या होत्या. कडू औषध पेशंटनं एका घोटात घेतलं की नर्स जशी मान हलवते, तशी त्यांनी हलवली. त्यात माया नव्हती. पण हलवली.

निकाल सिस्टरच्या बाजूनं लागला. जागेची खरी माहिती लपवली होती, दसऱ्याच्या सहीनं ते धुऊन निघत नाही, घराचा पैसा व्याजासकट परत करा, असं त्यात होतं. वकीलबाईनं निकालाची प्रत हातात दिली तेव्हा सिस्टरनी तिथंच खुर्चीवर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचली. तास गेला. मग वकीलबाईनं प्रत मिळाल्याची पावती सही करायला पुढे केली. पावती दोन ओळींची होती. ती त्यांनी दोनदा वाचली.

सोसायटीत कोणी पेढे मागितले नाहीत. निनावे जिन्यात म्हणाले की सिस्टरचा पैसा आला, आमच्या घरांची माती झाली. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. पण पैसा आलाच नव्हता. बिल्डर अपिलात गेला आणि पुन्हा तारखा सुरू झाल्या. मध्यंतरी इंजिनिअरचा अहवाल आला की मागची बाजू राहायला धोक्याची आहे, रिकामी करा. म्हणजे निकाल हातात, घर भोवती, आणि दोन्हींतलं काहीच आपलं नाही, अशी गत. ज्यांनी सह्या खोडल्या होत्या तेही आता सिस्टरकडे वकीलबाईचा नंबर मागायला आले. त्यांची पाच वर्षं उलटून गेली होती. सिस्टरनी नंबर दिला, नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि पुढे 'उशिरा' लिहिलं.

जायचा दिवस ठरला. शहरात नंदनवन भागात भाचीकडे एक खोली रिकामी होती. सामान फार नव्हतं, एका टेम्पोत बसलं. मी कडुलिंबाखाली खुर्चीवर होते. सिस्टर सगळ्यात शेवटी खाली आल्या. एका हातात चपलेचा डबा, दुसऱ्या हातात भिंतीवरचा चार्ट, क्लिपेसकट. माझ्या सुया आता कोण देणार ते त्यांनी सांगितलं, चौकातल्या दवाखान्यातल्या पोरीचं नाव दिलं, तिचा हात जड आहे असंही सांगितलं. आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसल्या.

त्याच वेळी फाटकातून एक जोडपं आत आलं. नवीन लग्न झालेलं असावं. आमचा दुसरा फ्लॅट भाडेकरूनं सोडला होता आणि गजाननला तो विकून टाकायचा होता. पुढची बाजू पक्क्या जमिनीवर आहे, असं अहवालात होतं, ते तो त्यांना सांगत होता. मागच्या बाजूबद्दल काही सांगत नव्हता. टेम्पो बघून तो म्हणाला की एक मॅडम बदली होऊन चालल्या आहेत.

पोरगी माझ्याजवळ आली. नवरा आणि गजानन बोलत होते. तिनं आधी नमस्कार केला, मग विचारलं, "आजी, इथं आधी काय होतं?"

टेम्पो चालू झाला नव्हता. सिस्टर खिडकीतून बघत होत्या. माझ्याकडे बघत होत्या, त्या पोरीकडे नव्हे.

मी म्हटलं, "पुढं कापूस होता, बाई. मागं खदान होती. खोल होती. राखेनं अन् कचऱ्यानं भरली आणि वर ही बांधली. त्या टेम्पोतली बाई त्याच पायी घर सोडून चालली. बदली-बिदली काही नाही."

गजानन "माय" म्हणाला. तो माझ्याशी अजूनही कामापुरतंच बोलतो. पोरगी मागे सरकली, इमारतीकडे वर बघत राहिली. तिचा नवराही वर बघत होता. मग तो गजाननच्या जवळ सरकून हळू आवाजात म्हणाला, "मग रेटमध्ये किती कमी होईल?"

सिस्टरनी ते ऐकलं. त्या हसल्या. सहा वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं ते तेवढंच, आणि ते बघण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी मान खाली घालून घड्याळ बघितलं, निळी वही काढली आणि लिहिलं. लिहून झाल्यावर वही खिडकीतून बाहेर धरली.

"काकू, सही करा. साक्षीले."

मी काठी टेकत टेम्पोपर्यंत गेले. गजानन मागून काही म्हणाला, मी लक्ष दिलं नाही. त्यांनी पेन पुढे केलं, पण मी ते लगेच घेतलं नाही. आधी पान वाचलं. तारीख होती, वेळ होती. 'जमीन कशी होती? मागे खदान. (जमीनमालकीण)'. आणि पुढे एकच शब्द होता, 'उशिरा'.

मी पेन घेतलं आणि खाली सही केली.